नोकरी सोडल्यानंतरचा आठवा महिना

“मॅडम, मला शिस्तच नाही. दिवसभर बसतो, पण काम होत नाही. मी बहुतेक आळशी आहे.”

खुर्चीत टेकता टेकताच तो हे म्हणाला. चौतिशीतला ग्राफिक डिझायनर, नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागून आठ महिने झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रात्री दोनला जाग येते, हात फोनकडे जातो, मग झोप उडते. नव्याने फ्रीलान्सिंग करणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, तक्रार हीच असते.

अशा वेळी माझा पहिला प्रश्न पैशाचा असतो. आज काम थांबलं तर किती महिने घर चालेल? जेमतेम पंधरा दिवसांची शिल्लक असलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? त्याची चिंता रास्तच आहे. याच्याकडे मात्र चार महिन्यांची सोय होती, म्हणजे आम्हाला बोलायला सवड होती.

एक आठवडा फक्त नोंद ठेवा, म्हटलं. काही सुधारायला जाऊ नका, दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहा. वही घेऊन आला तेव्हा चेहरा उतरलेला. “बघा, दिवसाला चारच तास काम.” मी पानं चाळली. रोजचे जवळजवळ नऊ तास भरलेले होते. चार तास डिझाइन; बाकी कोटेशन, ईमेल, थकलेल्या बिलासाठी फोन, एका नव्या क्लायंटला फुकट नमुना आणि ‘फक्त एक छोटासा बदल’ म्हणत आलेले सात बदल. याला तो काम म्हणतच नव्हता, कारण नोकरीत ते दुसरं कुणीतरी करायचं.

मग विचारलं, दर कसा ठरवला? जुना वार्षिक पगार तासांनी भागला होता. ५२ आठवडे, आठवड्याला ४० तास, एकूण २०८०. त्याच्याच वहीवरून आम्ही पुन्हा मांडणी केली. सुट्ट्या, आजारपण आणि रिकामे दिवस वजा जाता ४६ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे चार तास. ९२०! लॅपटॉप, सॉफ्टवेअर, विमा हे पूर्वी कंपनी बघायची, तेही आता या ९२० तासांतूनच निघायला हवं. तो बराच वेळ आकड्याकडे बघत बसला. “म्हणजे मी स्वतःला निम्म्याहून कमी भावात विकत होतो,” म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

पण हिशेब कळला म्हणून रक्कम तोंडातून निघते असं नाही. इथे आमची दोन सत्रं गेली. मी क्लायंट झाले. त्याने दर सांगितला, मी गप्प. दोन सेकंद झाले नसतील, तर हाच म्हणाला, “पण बघू, कमी करता येईल.” अहो, मी हूं की चूं केलं नव्हतं! पुन्हा केलं, परत तेच. आकडा सांगायचा आणि थांबायचं. समोरचा विचार करत असेल तर करू द्यायचा. सहाव्यांदा जमलं, तेव्हा कान लाल झाले होते. जोडीला दोन वाक्यं घोटून घेतली: “निम्मी रक्कम आगाऊ आली की काम सुरू करतो” आणि “दोन वेळचे बदल यात धरलेत, पुढचे वेगळे लागतील.” ही लेखी, ईमेलवर, काम हाती घेण्याआधीच. काम अर्ध्यावर आल्यावर सांगितलेली अट भांडण काढल्यासारखी वाटते.

रात्री फोन जवळ ठेवू नका म्हटलं, तर त्याने माझ्याशी वाद घातला. “तातडीचं काही आलं तर?” आठ महिन्यांतले रात्रीचे मेसेज त्यालाच तपासायला लावले. सकाळपर्यंत थांबला नसता असा एक निघाला. फोन दुसऱ्या खोलीत गेला. आणि संध्याकाळी उठण्याआधी एका चिठ्ठीवर लिहायचं: उद्या कोणतं काम, किती वाजता, कुठून पुढे. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं. पण ते केव्हा, कसं करणार याचा नेमका बेत केला तरी मन त्याचा पिच्छा सोडतं, असं मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या प्रयोगांत दिसलं होतं. त्याची झोप दुसऱ्या आठवड्यात सुधारली, पूर्ण नाही.

नव्या अटी त्याने एकाच दिवशी तीन क्लायंटना कळवल्या. एकाने लगेच ‘चालेल’ म्हटलं. एक सोडून गेला, आणि निम्मं काम त्याच्याचकडून यायचं. तो आठवडा फार वाईट गेला. ही चूक माझी. मोठ्या क्लायंटला शेवटी सांगा, आधी नव्यांवर आजमावा, हे मी बोलायला हवं होतं. सध्या तो एक नियम पाळतोय: एका ठिकाणाहून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम घ्यायचं नाही.

तिसऱ्या क्लायंटचं उत्तर अजून यायचं आहे. परवाच्या सत्रात पाऊण तास त्याने फोन खिशातून काढला नाही. निघताना मात्र दारातच काढला.