एकच समुपदेशक, चार पद्धती : शंका घ्यावी का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून नाशिकला शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्यानंतर सहा महिन्यांनी एसटीच्या गर्दीत मला पहिला पॅनिक अटॅक आला. हृदयाच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या. सध्या मी एका समुपदेशक ताईंकडे जाते. पहिली तीन सत्रे त्यांनी केवळ ऐकून घेतले, मग मनात येणारे विचार वहीत लिहायला सांगितले, त्यानंतर बसने दोन थांबे जाण्याचा सराव दिला आणि गेल्या वेळी समोर रिकामी खुर्ची ठेवून वडिलांशी बोलायला लावले. मानसशास्त्र शिकणारा माझा भाचा म्हणतो की, चांगला समुपदेशक एकाच पद्धतीने काम करतो. माझ्यावर नुसते प्रयोग चालले आहेत का? समुपदेशक बदलावा का?

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे, त्यात मला गोंधळ दिसत नाही, क्रम दिसतो. आपल्या भाच्याचे म्हणणे मात्र निराधार नाही. एकेकाळी या क्षेत्रात पद्धतींचे कट्टर गट होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून अविवेकी विचारांना थेट आव्हान देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तर कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, समुपदेशकाची आस्था, प्रांजळपणा आणि समोरच्याला विनाअट स्वीकारणे यांतूनच बदल घडतो. दोघांचे अनुयायी दीर्घकाळ एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले. १९६७ मध्ये अर्नोल्ड लाझारस यांनी निराळी भूमिका घेतली. एखादे तंत्र उपयुक्त असेल तर ते घ्यावे, त्यासाठी त्यामागचा संपूर्ण सिद्धांत स्वीकारलाच पाहिजे असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तन, भावना, शारीरिक संवेदना, मनातील प्रतिमा, विचार, नातेसंबंध आणि शरीराचे आरोग्य अशा सात अंगांनी ते प्रत्येक व्यक्तीचा विचार करत आणि जिथे अडचण असेल तिथले तंत्र निवडत.

आता आपल्या सत्रांकडे पाहू. दुःखात असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारांचे तक्ते भरायला लावले तर आपले कोणी ऐकलेच नाही असे त्याला वाटते, म्हणून सुरुवातीचे ऐकणे आवश्यक होते. पॅनिकमध्ये धडधडीचा अर्थ ‘आता हृदय बंद पडणार’ असा लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. वहीतील नोंदी हे चक्र उघड करतात. परंतु बस टाळत राहिल्यास तो अर्थ चुकीचा आहे, हे केवळ वाचून पटत नाही, अनुभवावे लागते, म्हणून दोन थांब्यांचा सराव दिला. रिकामी खुर्ची ही गेस्टाल्ट, म्हणजे या क्षणी जाणवणाऱ्या अनुभवावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीतून परिचित झालेली रीत आहे. वडिलांशी बोलायचे राहून गेलेले काही आपल्या मनात असेल, तर तिचे प्रयोजन स्पष्ट आहे. ते तसे आहे की नाही, हे आपण आणि ताईच जाणता.

सरमिसळ घातक ठरते ती वेगळ्या ठिकाणी, आणि याविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. समजा, एकीकडे बसचा सराव दिला आणि दुसरीकडे ‘भीती वाटली की लगेच दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, घरी फोन करा’ असेही सांगितले, तर आपण सुखरूप पोहोचाल खऱ्या, पण मन शिकेल ते हेच की, बाटली आणि फोन होता म्हणून वाचलो. श्वसनाचा सराव वाईट नाही. अन्यत्र तो अत्यंत उपयोगी आहे. परंतु येथे एक तंत्र दुसऱ्याच्या मुळावर येते. मंत्रचळाच्या विकारातही (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणे) असेच घडते : हात न धुता अस्वस्थता सहन करण्याचा सराव चालू असताना प्रत्येक शंकेला ‘काही होणार नाही’ असा दिलासा देत राहिले, तर तो सराव पोकळ होतो. म्हणून पद्धती किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्या एकमेकींना पूरक आहेत का, हे पाहावे.

समुपदेशक लगेच बदलू नका. पुढच्या सत्राच्या आरंभीच निःसंकोच विचारा : माझ्या त्रासाची आपली समजूत काय आहे, खुर्चीचा प्रयोग आत्ताच का घेतला आणि बसच्या सरावाशी त्याचा संबंध काय? एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील नात्याची तीन अंगे सांगितली होती : परस्पर विश्वास, ध्येयाविषयी एकमत आणि त्यासाठी करायच्या कामांविषयी एकमत. आपल्या पत्रावरून विश्वास आहे असे वाटते, तिसरे अंग मात्र सैल आहे. आणि ते घट्ट करण्याची जबाबदारी मुख्यतः समुपदेशकाची असते. ‘करून तर पाहू’ एवढेच उत्तर वारंवार मिळाले, किंवा प्रश्न विचारल्याबद्दल नाराजी दिसली, तर अन्य समुपदेशकाचा विचार करावा. झोप आणि जेवण बिघडले असेल किंवा शाळेत जाणेही अशक्य होऊ लागले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. गरज पडल्यास औषधे आणि समुपदेशन एकत्र चालू शकतात. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच वेळी फोन करा.

तोवर बसचा सराव थांबवू नये. दोन थांबे सहज जमू लागले असतील, तर तिसरा कधी घ्यायचा, हेही त्याच सत्रात ठरवून घ्या.