ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटांतच का उरकतात? काम इतरांकडे सोपवल्याने दर्जा घसरत नाही का?

आपली तक्रार अशी की प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रुग्णाला दोन मिनिटेही देत नाही. आणि शंका अशी की बीपी-शुगरचे रुग्ण उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे (एमबीबीएस डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याकडे) पाठवणे ही गरिबांची बोळवण आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे.

तक्रार खरी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात भारतातली तपासणी सरासरी दोन मिनिटांच्या आसपासच आढळली. स्वीडनमध्ये ती साडेबावीस मिनिटे होती. आमच्याकडे सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे, आणि ओपीडी भरलेली असतानाच शवविच्छेदन, प्रसूती, सर्पदंश किंवा तालुक्याची बैठक यांपैकी काहीतरी उभे राहते. मात्र केवळ गर्दी हेच कारण नाही. अमेरिकेत २०२२ साली मांडलेल्या एका हिशेबानुसार, सुमारे २,५०० रुग्णांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने शास्त्रशुद्ध मार्गदर्शनाप्रमाणे सगळे एकट्याने करायचे म्हटले, तर त्याला दिवसाला २६.७ तास लागतील. तेच काम समूहाने वाटून घेतल्यास डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास येतात. त्या २६.७ तासांतला सर्वांत मोठा भाग प्रतिबंधाचा, म्हणजे तपासण्या आणि सल्ल्याचा असतो, आणि तो डॉक्टरनेच करावा असे काही नाही.

किंबहुना काही गोष्टी डॉक्टरला जमतच नाहीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब गुढीपाडव्याच्या आसपास परतते, आणि मधल्या काळात बीपीची गोळी हमखास बंद पडते. कोणी मुकादमाकडून उचल घेतली आणि ट्रॅक्टर कधी निघणार, हे आशाताईंना आधीच ठाऊक असते. त्यांनी वेळेवर कळवले तर जास्तीच्या गोळ्या सोबत देता येतात. माझ्या टेबलासमोर रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० च्या दशकापासून गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम दिले, त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे काही परकी नाही.

आपली शंका खरी ठरते ती वाटणी केवळ कागदावर राहते तेव्हा. उपकेंद्रात गोळ्याच नसतील, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा दिवस ऑनलाइन नोंदी भरण्यात जात असेल आणि कोणता रुग्ण केव्हा वर पाठवायचा हे लिहून ठरवलेले नसेल, तर रुग्ण दोनदा हेलपाटे घालून शेवटी माझ्याच रांगेत येतो. महाराष्ट्रात या पदावर अनेक बीएएमएस पदवीधर आहेत. त्यांना नोंदीत अडकवणे मला सरळसरळ अपव्यय वाटतो.

बीपी आटोक्यात असेल तर दरमहाची तपासणी आणि गोळ्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातच, म्हणजे उपकेंद्रातच, घ्याव्यात. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूला अचानक अशक्तपणा येणे किंवा गरोदरपणात बीपी वाढणे यांपैकी काही असेल, तर तिथे न थांबता थेट डॉक्टरकडे यावे.