विमा असूनही औषध महाग का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. सुनेला संधिवाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. कंपनीचा विमा आहे, तरी वर्षाचे पहिले काही महिने खिशाला मोठी चाट बसते. फार्मसीतला माणूस म्हणाला, ‘भाव आम्ही नाही, पीबीएम ठरवतात.’ हे कोण? त्यांच्यावर कुणाचा अंकुश नाही का?

उत्तर : न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभी राहिले. हा प्रश्न रोज कुणीतरी विचारायचंच.

पीबीएम म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर, विमा योजना आणि औषध कंपनी यांच्यामधले दलाल. कोणतं औषध विम्याच्या यादीत घ्यायचं, फार्मसीला किती पैसे द्यायचे, हे त्यांच्या हाती. केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन जातात.

खरी मेख आहे ‘रिबेट’मध्ये. यादीत जागा मिळावी म्हणून औषध कंपनी मागाहून सूट देते, तीही बहुधा जाहीर भावाच्या टक्क्यांत. भाव चढा, तर सूट मोठी. त्यातली बरीचशी विमा योजनेकडे जाते, काही दलालाकडे राहते. तुमच्या सुनेला मात्र डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) पुरं होईपर्यंत जाहीर भावाच्या आसपासच पैसे मोजावे लागतात. तिच्या आजारामुळे मिळालेली सूट तिच्याच हाती पडत नाही, याचा मला आजही संताप येतो. हुमालॉग इन्शुलिनच्या एका कुपीचा जाहीर भाव १९९९ साली २१ डॉलर होता, २०१७ साली २७४ च्या वर. गदारोळ झाल्यावर २०२३ मध्ये कंपनीनं तो ७० टक्क्यांनी उतरवला. औषध तेच होतं.

एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. विम्यातून त्यांचा हिस्सा वीस डॉलर, विमा न लावता त्याच गोळ्या आठ डॉलरना. त्या घडी घातलेल्या एकेक डॉलरच्या नोटा मोजत असायच्या आणि मी गप्प. स्वस्त भाव आपणहून सांगायला आमच्या करारात मनाई होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय कायद्यांनी अशा अटींवर बंदी आणली.

अंकुश आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. फार्मसीला खरेदीच्या भावापेक्षा कमी पैसे देऊ नका, असा कायदा आर्कान्सास राज्यानं २०१५ साली केला. दलालांची संघटना कोर्टात गेली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं राज्याचं म्हणणं उचलून धरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेनं इन्शुलिनच्या रिबेटवरून वरच्या तिघांवर कारवाई सुरू केली. हिशेब उघड करा, एवढं म्हणून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. दलालाला कामाचा ठरावीक मेहनताना द्यावा. भावाच्या टक्क्याशी त्याच्या कमाईचा संबंधच नको.

सुनेला एवढं सांगा : साध्या जेनेरिक गोळ्या घेताना ‘विमा न लावता किती?’ हे आधी विचारायचं. फक्त तसे दिलेले पैसे बहुतेकदा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. इंजेक्शनसाठी ही युक्ती चालायची नाही; तिथे औषध कंपनीची को-पे (रुग्णाच्या वाट्याचे पैसे) मदत योजना आहे का, आणि ती रक्कम डिडक्टिबलमध्ये धरतात का, हे विमा योजनेला फोन करून विचारायला लावा.