आधी मूळ संहिता, मग मार्गदर्शक
शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी तुम्ही इंग्रजी साहित्य निवडलेत, याचा आनंद वाटला. मार्गदर्शकातील सारांश उघडण्यापूर्वी मूळ संहिता पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचावी. कविता असेल तर मोठ्याने. शेक्सपिअरची १६०९ साली छापली गेलेली सुनीतेच (चौदा ओळींच्या कविता) पाहा: बारा ओळी चढत गेलेला विचार शेवटच्या दोन ओळींत अनेकदा वळण घेतो, आणि ते वळण कोणत्या शब्दावर येते हे दाखवणे म्हणजेच विश्लेषण होय.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- उत्तरात कथानकच पुन्हा सांगणे (मीही वर्षभर हेच केले);
- ‘येथे रूपक आहे’ एवढ्यावर थांबणे, त्याने काय साधले ते न सांगणे;
- लांबलचक अवतरणे पाठ करणे. चार नेमके शब्द पुरतात.

समीक्षेचे सिद्धांत तूर्त बाजूला ठेवावेत.