खांदा बरा झाला, मग हात वर का जात नाही?

प्रश्न : मी 51 वर्षांची, नाशिकला शाळेत शिकवते. चार वर्षं नियमित सायकल चालवते. नऊ आठवड्यांपूर्वी त्र्यंबक रस्त्यावर ओल्या वळणावर पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ‘एसी जॉइंट, ग्रेड टू’ सांगून तीन आठवडे हात झोळीत ठेवायला लावला. आता खांद्याच्या टोकाचं दुखणं पुष्कळ कमी आहे, पण फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही, अंबाडा घालता येत नाही, ब्लाउजचे मागचे हूक लागत नाहीत. त्या कुशीवर वळले की झोपमोड होते. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. सासूबाई म्हणतात, मालिशवाल्याकडून खांदा बसवून घे. डिसेंबरमध्ये 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचं ठरवलं होतं. करू का?

उत्तर : ताई, आधी मालिशचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. खांदा बसवून घेऊ नका. तो निखळलेलाच नाही, तर बसवणार काय? कॉलरबोनचं बाहेरचं टोक आणि पाठीच्या फऱ्याचं टोक जिथे भेटतात, तो एसी जॉइंट. खांद्यावर आपटलं की फरा खाली ढकलला जातो आणि दोघांना बांधणारे अस्थिबंध ताणले जातात, तुटतात. दुसऱ्या ग्रेडमध्ये वरचे अस्थिबंध तुटलेले असतात, पण कॉलरबोनला खालून धरून ठेवणारे टिकून असतात, म्हणून सहसा ऑपरेशन लागत नाही. टोकावर छोटा उंचवटा कदाचित कायम राहील. तो दाबून सपाट करायला कुणाला देऊ नका.

पण तुमचा हात अडतोय तो त्या सांध्यामुळे नसावा, असं पत्र वाचून मला वाटतं. हात कानापर्यंत नेताना 180 अंशांपैकी साधारण 120 अंश खांद्याच्या उखळी सांध्यातून येतात आणि 60 फऱ्यातून. हात झोळीत राहिला की उखळी सांध्याभोवतीचं आवरण आखडायला लागतं आणि मधुमेह असेल तर ते जास्त आखडतं. यालाच फ्रोजन शोल्डर म्हणतात.

तसंच आहे का, याचा अंदाज घरी घेता येईल. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दार उघडल्यासारखा पंजा बाहेर न्या. जिथे अडेल तिथून घरातल्या कुणाला तरी तो अगदी हलक्या हाताने आणखी पुढे न्यायला सांगा. त्यांच्या हातानेही तो तिथेच अडला, तर आवरण आखडलंय असं समजा. त्यांच्या हाताने सहज गेला, पण त्यांनी सोडताच पंजा आत पडला, तर स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटल्याची शंका घ्यायला हवी. तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. पन्नाशीनंतरच्या पडण्यात ही शक्यता मी कधीच सोडून देत नाही. तसं झालं तर पुढचे व्यायाम सुरू न करता डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

मीही सायकलवाली आहे. पसरणी घाट उतरताना पडले, तेव्हा मी फिजिओथेरपिस्ट असूनही भीतीने झोळी दोन आठवडे जास्त ठेवली. मग फ्रिजशेजारच्या भिंतीवर रोज बोटं चढवत न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. एकदा अकरा दिवस रेघ त्याच जागी पडत होती. त्या दिवसांत मला रडू यायचं. बाराव्या दिवशी ती करंगळीच्या रुंदीएवढी वर सरकली. म्हणून तुम्हालाही सांगते, रेघा ओढा, नाहीतर झालेली सुधारणा लक्षातच राहत नाही.

भिंतीवर बोटं चढवताना आरसा बाजूला असू द्या. खांदा कानाकडे उचलला गेला, तर हात वर गेला असं धरू नका, तिथून खाली या. त्याआधी दहा मिनिटं शेक घ्या, डावा हात टेबलावर टेकवून वाका आणि उजवा हात लंबकासारखा नुसता झुलू द्या. मग आडवं पडून लांब छत्री दोन्ही हातांत धरा, उजव्या कोपराखाली घडी केलेला नॅपकिन ठेवा आणि डाव्या हाताने छत्री ढकलत उजवा पंजा बाहेर न्या. हे दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. व्यायामानंतरचं ठणकणं अर्ध्या तासात शांत झालं तर ठीक. रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. झोपताना पाठीवर पडा आणि कोपराखाली उशी घ्या. उशीशिवाय कोपर मागे पडतं आणि खांदा रात्रभर ताणलेला राहतो.

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाबरू नका, त्याने दुखणं बरंच हलकं होतं. मात्र मधुमेह आहे हे आठवण करून द्या, पुढचे काही दिवस साखर वाढते.

डिसेंबरची बीआरएम सोडून द्या. किती मनाशी धरून बसलेल्या असाल, हे मला ठाऊक आहे. पण 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि तेवढा वेळ रस्त्याचा प्रत्येक हादरा हँडलमधून थेट त्याच टोकाला पोचतो. सायकल मात्र सोडू नका. इनडोअर ट्रेनरवर ताठ बसून आत्ताही पाय चालवता येतील. रस्त्यावर तेव्हाच जा, जेव्हा भिंतीला हात लावून वीस पुशअप न दुखता होतील, अचानक दोन्ही ब्रेक दाबता येतील आणि डाव्या हातावर सायकल सांभाळून उजव्या हाताने वळणाची खूण करता येईल. सुरुवातीला हँडल थोडं वर घ्या, टायरमधली हवा किंचित कमी ठेवा.

आणि त्या दिवशी हेल्मेट जमिनीवर आपटलं असेल, तर वरून तडा दिसत नसला तरी नवं घ्या.