‘हॅव’ला मराठीत एकच शब्द का नाही?

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणाले आणि मला तिथेच थांबवून चूक दाखवण्यात आली. मग ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर कसे? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : मराठीत ‘हॅव’च्या तोडीचे एकही क्रियापद नाही. मालकी, नाते, आजार असे जे जे इंग्रजी या एका शब्दावर सोपवते, ते आपण ‘असणे’ या क्रियापदासोबत निरनिराळे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये वापरून सांगतो. आपल्याला भाऊ असतात, पण आपल्याकडे सायकल असते. ताप आपल्याला असतो, घराला गच्ची असते आणि सुटे पैसे जवळ असतात. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटले, तर ते सुट्टीत मुक्कामाला आले असावेत असे ऐकणाऱ्याला वाटेल. नागपुरी बोलीत ‘मला’चे ‘मले’ होते, तरी हा भेद शाबूत राहतो. आणि इतवारीत कानावर पडणाऱ्या हिंदीतही ‘मेरे दो भाई हैं’, ‘मेरे पास साइकिल है’, ‘मुझे बुखार है’ अशी तीन वेगळी रूपे आहेतच.

असणे ही स्थिती आहे, आणि स्थिती सांगताना इंग्रजी ‘हॅव’ला ‘इंग’ लावत नाही. ‘हॅविंग लंच’मध्ये मात्र असणे नाहीच, तिथे जेवणे आहे. म्हणून आधी मनात मराठी वाक्य करून पाहावे. ‘मी जेवते आहे’ म्हणता येते. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ कोणी म्हणणार नाही. याच कसोटीने ‘मला त्रास होतो आहे’ यासाठी ‘आय ॲम हॅविंग ट्रबल’ चालते, पण ‘मला ताप आहे’ यासाठी ‘आय ॲम हॅविंग फीवर’ चालत नाही. तिथे ‘आय हॅव अ फीवर’ म्हणावे. या चुकीने कधीकधी अर्थच बदलतो. घरात तान्हे बाळ असलेल्या बाईविषयी ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणाल, तर ती पुन्हा गरोदर असल्याची बातमी पसरेल!

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एका मसुद्यात ‘व्हेन द टीम अराइव्ह्ड, दे हॅड हॅड नो नोटीस’ असे वाक्य होते. त्यातला एक ‘हॅड’ काढावा का? (लिपिक, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : काढू नये. पहिला ‘हॅड’ साहाय्यक क्रियापद आहे, दुसरा मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप. पथक येईपर्यंत त्यांना सूचना मिळालेली नव्हती, असा अर्थ त्या जोडीतून निघतो. एक काढल्याने वाक्य अशुद्ध होणार नाही, पण ‘येईपर्यंत’ ही छटा पुसट होईल, आणि सरकारी पत्रात वाद बहुधा तिथेच असतो.

प्रश्न : ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ या वाक्यावर शिक्षकांनी माझ्या मुलाचे गुण कापले. मराठीत तर ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे सर्रास म्हणतात. (पालक, हिंगणा मार्ग)

उत्तर : मराठीत म्हणतात, हे खरे, चुकीचे मूळही तेच आहे. आपल्या ‘पाहिले आहे’ला ‘काल’ सहज खपतो. इंग्रजीतील ‘हॅव सीन’ मात्र गोष्टीचा संबंध आजशी जोडते आणि ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ असे संपलेल्या काळाचे शब्द सोबत येऊ देत नाही. तिथे ‘आय सॉ हिम येस्टरडे’ हेच योग्य. गुण परत मिळणार नाहीत.

प्रश्न : ‘आय हॅड रिपेअर्ड माय स्कूटर’ आणि ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड’ यांत फरक काय? (दुकानदार, सीताबर्डी)

उत्तर : पहिल्यात हात तुमचे काळे झाले, दुसऱ्यात मेकॅनिकचे. दुसऱ्याचे मराठी ‘दुरुस्त करवून घेतली’.

प्रश्न : ‘हॅव’ हा शब्द लॅटिनमधील ‘हाबेरे’पासून आला का? अर्थ तर तोच आहे. (निवृत्त प्राध्यापक, महाल)

उत्तर : दिसते तसेच, पण नाही. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे, त्यात मूळ ‘क’चा ‘ह’ झाला; लॅटिन ‘कॉर्नू’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ ही जोडी त्याची साक्ष देते. त्या नियमाने ‘हॅव’चे नाते ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी, लागते, ‘कॅप्चर’ हा शब्दही त्याच ‘कापेरे’तून आला. ‘हाबेरे’चा इंग्रजीतील सगोत्र मात्र बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘गिव्ह’ हा मानतात.