कॅसोवरी खरंच इतका धोकादायक आहे का?

तुम्ही विचारलंय की कॅसोवरीला जगातला सर्वांत धोकादायक पक्षी म्हणतात ते खरं का, आणि ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला (क्वीन्सलँड राज्यातलं शहर) येताना लहान मुलांना तिथल्या जंगलात न्यावं की नाही. मी केर्न्सला 11 वर्षं राहते आहे. माझं उत्तर: जरूर न्या, फक्त मुलांच्या हातात खाऊ देऊ नका.

पाय भयंकर आहे, यात शंका नाही. तीन बोटांपैकी आतल्या बोटाला खंजिरासारखी सरळ नखी असते, 12 सेंटिमीटरपर्यंत लांब. मादी माणसाएवढी उंच होते, वजन 60 किलोच्या पुढे जातं, आणि हा पक्षी दाट झाडीतूनही ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने धावतो. आपल्याकडे मध्यंतरी इमूपालनाचं पेव फुटलं होतं. तेव्हा तुम्ही इमू पाहिला असेल, तर हा त्याचाच जवळचा नातेवाईक, पण जास्त भारदस्त: काळी केसांसारखी पिसं, निळी मान, गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या आणि डोक्यावर शिंगासारखा उंच टोप. तो टोप कशासाठी, यावर बराच वाद झाला. 2019 साली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी पाहिलं तर उकाड्यात त्यातून शरीरातली उष्णता बाहेर पडत होती आणि थंडीत ती आत राखली जात होती.

आता हल्ल्यांबद्दल. क्वीन्सलँडमधल्या 221 हल्ल्यांच्या नोंदी एका अभ्यासकाने तपासल्या. त्यातले 150 माणसांवरचे होते, आणि त्यातले सुमारे पाऊणशे टक्के अशा पक्ष्यांनी केले होते ज्यांना आधी कोणीतरी हाताने खायला घातलं होतं. ऑस्ट्रेलियात या पक्ष्यामुळे झालेला एकच मृत्यू नोंदलेला आहे, 1926 सालचा. दोन भाऊ कुत्रे घेऊन, दंडुक्यांनी पक्ष्याला मारायला गेले होते. त्यातला 16 वर्षांचा मुलगा पळताना पडला आणि लाथ गळ्याला लागली. मृत्यूची दुसरी घटना 2019 ची, अमेरिकेतल्या फ्लोरिडातली, तिथे माणसाने पक्षी घरीच पाळला होता. दोन्ही ठिकाणी पक्षी आपणहून माणसाच्या मागे आला नव्हता. केळ्याची फोड फेकून फोटो काढणारा पर्यटक निघून जातो, मग तोच पक्षी पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतो, रस्त्याकडेला घुटमळू लागतो आणि एक दिवस गाडीखाली येतो. म्हणूनच इथे त्याला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. याबाबतीत मला खरंच राग येतो.

पहिल्यांदा मी कॅसोवरीला इथल्या एटी बेच्या समुद्रकिनाऱ्यावर पाहिलं. एक नर वाळूतून चालला होता आणि मागे बदामी-तपकिरी पट्ट्यांची तीन पिल्लं. सोबत आई नव्हती, आणि ती असणारही नव्हती. मादी तीन ते पाच हिरवीगार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. नर सुमारे 50 दिवस अंडी उबवतो, त्या काळात घरट्यावरून क्वचितच उठतो, आणि मग नऊ महिने किंवा त्याहून जास्त पिल्लांना सांभाळतो. पिल्लं सोबत असलेल्या नरापासून मात्र खरंच लांब राहा.

समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. मुलांना मागे घ्या, पाठपिशवी छातीसमोर धरा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. मध्ये एखादं झाड आलं तर उत्तमच. बहुतेकदा तो आपल्या वाटेने निघून जातो.

त्याचं खरं काम भीतीच्या गोष्टींत हरवतं. तो खाली पडलेली फळं अख्खी गिळतो, आणि त्याचं आतडं आखूड असल्यामुळे बिया जवळजवळ शाबूत बाहेर पडतात. सह्याद्रीत धनेश झाडांच्या बिया दूर नेतो, पण इथल्या काही फळांच्या बिया इतक्या मोठ्या असतात की त्या गिळणारा दुसरा प्राणीच नाही. रायपारोसा नावाच्या दुर्मीळ झाडाच्या बियांवर प्रयोग झाला. तशाच पेरल्या तर 4 टक्के उगवल्या, कॅसोवरीच्या पोटातून गेलेल्या 92 टक्के.

इथल्या डेन्ट्रीच्या जंगलातल्या पायवाटेवर विष्ठेचा मोठा ढीग दिसला तर नाक मुरडू नका, मुलांना तिथे थांबवा. त्यात बहुधा निळा क्वांडाँग नावाच्या झाडाच्या खरखरीत बिया असतील. हातात घेतल्यासारख्या जवळून पाहा: तो रुद्राक्षच आहे. बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ क्वांडाँग आणि रुद्राक्ष ही झाडं एकाच जातीची मानतात. माझ्या आईने ते ओळखलं तेव्हा ती त्या ढिगासमोर बराच वेळ उकिडवी बसून होती.